ऑर्डर पेंडिंग आहे

५ जाने., सोम.
बायपासच. अँजिओचा कागद बघून डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. तारीख या महिन्यातच, बेड मिळेल तशी. ह्यांचा पहिला प्रश्न काय, तर "दुकान किती दिवस बंद?" डॉक्टर म्हणाले, तीन महिने धावपळ नाही, जिने नाहीत, वजन उचलायचं नाही. आमचा धंदाच धावपळीचा. मयतीचं सामान. निरोप आला की जेवणाच्या ताटावरून उठून जायचं, असं हे तीस वर्षं करत आले.
रिक्षाने घरी आलो. स्वैपाक केला, पण मीठ घातलं की नाही ते आठवेना.

६ जाने., मंगळ.
मृणाल ऑफिस बुडवून खारघरहून आली. बापाला मिठी मारली आणि लगेच मुद्द्यावर. "आई, साधी वेबसाइट करू. तू घरी बसून ऑर्डर घे, सामान आपले टेंपोवाले गणपतदादा पोचवतील."
तिचं खोटं नाही. टपाल नाक्याजवळचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं, जुन्या पनवेलात कोणाला पत्ता विचारावा लागत नाही. पण खारघर, कामोठे, तळोजे इथल्या टॉवरमधली माणसं घरात कोणी गेलं की फोनवर शोधतात, आणि फोनवर आम्ही कुठेच नाही. हे नसताना गावातली गिऱ्हाइकंही गोंधळतील, कारण दुकान म्हणजे हेच.
मी हो म्हणाले. मग मोरीत जाऊन रडले. ह्यांच्यावाचून दुकान कसं चालेल याची तयारी करायला बसले आहे मी. असली तयारी करूच नये असं वाटतं.

७ जाने., बुध.
मृ.ने तीन लिंक पाठवल्या. बजेट कमी आहे हे तिला दहादा सांगितलं. ऑपरेशनसमोर वेबसाइटचे लाड कोण करणार.
१) फुकटं. पैसे नाहीत, पण पानाच्या खाली त्यांची जाहिरात येते. मी पांढऱ्या कापडाचा फोटो चढवला, तर त्याखाली हनिमून पॅकेज. रद्द.
२) महिन्यावालं. दिसायला झकास, बोटाने ओढून चित्रं लावता येतात. पण दर महिन्याला पैसे, आणि मराठी अक्षरं फुटतात. 'अंत्यविधी'चे तुकडे होऊन पडले. बघवेना.
३) फुलवालं. (त्यांचं खरं नाव जिभेवर चढत नाही.) एक पान, फोन नंबर, ऑर्डरचा फॉर्म, संपलं. मराठी नीट दिसतं. पहिले काही महिने फुकट, नंतरही परवडेल. ऑर्डर आली की मला मेसेज, आणि सामान पोचवणाऱ्यालाही मेसेज. याला फुलवालं म्हणते कारण त्याचं टेम्प्लेट फुलांच्या दुकानाचं आहे. बाकीची टेम्प्लेटं म्हणजे केक, योगा, लग्नाचे फोटो, कुत्र्यांचं पार्लर. आपल्याला त्यातल्या त्यात जवळची फुलंच.
आणखी एक सोय होती, वेबसाइट न करता नुसते मेसेजवर सामानाचे फोटो आणि किमती ठेवायच्या. ह्यांनी मोडता घातला. "कोणीतरी चुकून फॅमिली ग्रुपवर टाकेल आणि आपल्यामुळे दोन माणसं जास्त जातील."
फुलवालंच घ्यायचं ठरलं.

९ जाने., शुक्र.
टेम्प्लेट साफ करण्यात दिवस गेला. धान्य निवडायला बसावं तशी बसले होते. 'पुन्हा या' असं तीन ठिकाणी लिहिलेलं. काढलं. आमच्या दुकानात 'या' म्हणत नाहीत, गिऱ्हाईकही 'येतो' म्हणत नाही. माणूस निघाला की आपण मान हलवायची, बस.
'तुम्हाला हेही आवडेल' काढलं. 'सणासुदीची खास सवलत' काढलं. 'आपला अनुभव सांगा, पाच तारे द्या' हे काढता येईना, शेवटी मृ.ला फोन केला. गोवऱ्यांच्या फोटोवर लाल बदामाचं चित्र होतं, आवडीच्या यादीत टाकण्यासाठी. तेही घालवलं.
हे खाटेवर पडून सगळं वाचून दाखवायला लावत होते. 'आवडीची यादी' ऐकून इतके हसले की श्वास अडकला. पाठ चोळली, पाणी दिलं, गोळी जिभेखाली ठेवली. मग ठीक झाले. आता ह्यांना हसवायचीही भीती.

११ जाने., रवि.
आज वाद. मृ. म्हणाली, टॉवरमधल्या लोकांना काय काय लागतं ते ठाऊक नसतं, म्हणून 'संपूर्ण संच' असं एकच बटण ठेवू. बांबू, कामट्या, सुतळी, कापड, मडकं, गोवऱ्या, हार, तुळस, सगळं एका किमतीत. मला पटलं.
ह्यांना नाही पटलं. सासऱ्यांची शिस्त होती की पूर्ण सामान कधी एकत्र बांधून ठेवायचं नाही. मडकं नेहमी वेगळं, दुसऱ्या फळीवर. निरोप आला की मगच एकत्र करायचं. आधीच पुरं बांधून ठेवलं तर ते गिऱ्हाईक शोधतं, असं सासरे म्हणायचे.
मृ. म्हणाली, "बाबा, ती नुसती यादी आहे. फोटो आहे. खरं सामान थोडंच आहे."
"फोटोतही मडकं वेगळं ठेव," हे म्हणाले. आवाज चढला नाही. नाव 'संच' एवढंच ठेवलं, 'संपूर्ण' काढलं, मडक्याला वेगळं बटण केलं.
मग फुलवाल्याने माल परत घेण्याचे नियम लिहायला सांगितले. ते रिकामं सोडलं की पुढचं पान उघडतच नाही. ह्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, 'दारात पोचलेलं सामान परत घेतलं जात नाही.' हीही जुनीच शिस्त. कधी घाईत दोन नातेवाईक वेगवेगळं सामान मागवतात, एक शिल्लक राहतं. ते नदीवर ठेवतात, जाळतात, काहीही करतात. पण मयताच्या दारातलं दुकानात येत नाही.

१३ जाने., मंगळ.
लिहू की नको. लिहिते, नाहीतर छातीवरचं ओझं जाणार नाही.
सकाळी साइट चालू केली. 'सामान पोचवणारा' या ठिकाणी गणपतदादांचा नंबर टाकला. ते बेलपाड्याचे, आमच्याकडे तिरडी बांधतात, टेंपोही त्यांचाच. मग मृ.ने फोनवरून सांगितलं, एक ऑर्डर स्वतः टाकून बघ, म्हणजे मेसेज जातात की नाही ते कळेल.
टाकली. मागवणाऱ्याचं नाव माझं, नंबर माझा. पुढचा रकाना 'कोणासाठी?' फुलांच्या टेम्प्लेटमधला, फुलं कोणासाठी असा. तो काढायचा राहिला होता. फोन ह्यांचा जुना. रकान्यावर बोट ठेवलं तशी फोनने ह्यांचं नाव आणि घरचा पत्ता पुढे केला. घरात फोनवरून जे येतं ते सगळं ह्यांच्याच नावावर येतं, चप्पल, बिनसाखरेची बिस्किटं, छत्री. बोटाला सवय. मी दाबलं.
ह्यांचं नाव मी घेत नाही, इथेही कधी लिहिलं नाही. आणि तिथे टाकलं. कोणासाठी, तर ह्यांच्यासाठी. संच, एक.
'ऑर्डर मिळाली' असं आलं तेव्हा आनंद झाला मला. चहा ठेवायला गेले. काय केलं ते कळलंच नव्हतं.
अर्ध्या तासाने दुसरा चहा गाळून होतो तोच बेल. हे हळूहळू उठून गेले, दार उघडलं. बाहेर गणपतदादा. खांद्यावर बांबू, काखेत कामट्यांची जुडी, डोळे सुजलेले. समोर ह्यांना बघितलं आणि बांबू हातातून निसटून जिन्यात आपटले.
"शेठ," म्हणाले. "शेठ, तुमी हाव?"
हे म्हणाले, "मी आहे. कोण गेलं?"
गणपतदादांनी फोन पुढे केला. ह्यांनी चष्मा नसताना हात लांब करून वाचलं. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. मी मागे उभी होते.
गणपतदादांनी आधी फोन करून विचारलं का नाही, असं कोणी म्हणेल. पण ह्यांनीच तीस वर्षं त्यांना शिकवलंय की निरोप आला की उलट विचारायचं नाही. ज्याच्या घरी मयत झालं त्याला 'खरंच का' असं विचारण्याइतकं वाईट काही नाही. बांबू घ्यायचे आणि निघायचं. ते तसेच निघाले. टेंपोत रडत आले असणार.
"वयनी, मना मेसेज आला आनि माजा जीवच गेला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
हे हसले. "बरं झालं, सर्व्हिस फास्ट आहे हे कळलं." त्यांना आत बसवून चहा पाजला. तो चहा मी कसा दिला ते माझं मला माहीत.
गणपतदादा निघताना बांबू उचलायला लागले. ह्यांनी अडवलं. "दारातलं सामान परत नाही." त्यांनी बांबू जिन्यातल्या भिंतीला टेकवून ठेवले.
ते गेल्यावर हे खाटेवर आडवे झाले. मग मला विचारलं, "मडकं टाकलं होतंस का?"
"नाही. नुसता संच. मडकं वेगळं बटण आहे ना."
"नक्की?"
"नक्की."
"मग ठीक," म्हणाले आणि कूस बदलून पडले. तेव्हा मला कळलं की हेही घाबरलेत. जन्मभर लोकांची मयतं उचलणारा माणूस. आजवर मला वाटायचं की दोघांत मी एकटीच भित्री आहे, आणि त्याचा आधार होता.

१४ जाने., बुध.
संक्रांत. बांबू जिन्यातच उभे. तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकू तिळगूळ घेऊन आल्या. त्या एकट्याच येतात दरवर्षी, बाकीच्या सणाच्या दिवशी आमचं दार टाळतात. बांबू बघून म्हणाल्या, "गुढीची तयारी आत्तापासून?" मी हो म्हणाले. काय सांगणार.
दुपारी ह्यांनी स्वतः एक बांबू बाल्कनीत आडवा बांधायला घेतला. वजन उचलू नका म्हणत मी मागे. बांधून त्यावर आपला बनियन वाळत घातला. "झाला वापर." दुसरा तसाच पलीकडे.
मी त्यावर कपडे घालत नाही. माझे दाराच्या कडीला वाळतात.

१६ जाने., शुक्र.
फुलवालं रोज मेसेज करतं. 'नमस्कार! तुमची १ ऑर्डर पेंडिंग आहे. ग्राहक वाट पाहत आहे.' तोच दुसऱ्या शब्दांत ग्राहकालाही जातो, म्हणजे मलाच. 'आपली ऑर्डर लवकरच पोचेल.' लवकरच.
'कोणासाठी?' रकाना काढून टाकला. पण ती ऑर्डर पुसता येत नाही. मृ.ने कंपनीला विचारलं. ते म्हणाले, हिशेबासाठी ऑर्डर पुसू देत नाही, एक तर 'पूर्ण' करा नाहीतर 'रद्द' करा.
'पूर्ण'वर बोट नेण्याचा प्रश्नच नाही.
'रद्द' दाबून बघितलं. कारण विचारतं. ग्राहकाचं मन बदललं, माल उपलब्ध नाही, पैसे मिळाले नाहीत. आणि खाली बारीक अक्षरांत, 'रद्द केल्यास वस्तू पुन्हा विक्रीसाठी उपलब्ध होईल.' म्हणजे ते सामान परत दुकानात. ह्यांच्या दारातलं. मागे आले.
मला माहीत आहे हा मूर्खपणा आहे. मी बी.कॉम. आहे. पण रुग्णालयातून फोन आला, २३ तारीख पक्की, आणि मी फोन ठेवून आधी ती ऑर्डर उघडून बघितली.

१८ जाने., रवि.
मृ. चिडली. "आई, आण इकडे, मी रद्द करते, एक बटण आहे." मी फोन पदराखाली धरून बसले. ती म्हणाली, "तू बाबांना आणखी घाबरवतेस." खरं आहे. मग ती पण रडली. तिलाही भीती आहे, ती बटणांवर राग काढते एवढंच.
हे आतून म्हणाले, "कोणी हात लावू नका. माझ्या नावाची आहे ना? मी घरी आलो की मी रद्द करीन."
मृ.ने डोळे पुसले.
मग दोघी बसलो आणि साइटवर गणपतदादांचा नीट फोटो चढवला. ते फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "मी हाय तोवर काय बी चिंता करू नका वयनी," म्हणाले. जाताना ह्यांच्या पाया पडले. आजवर कधी पडले नव्हते. मला ते आवडलं नाही.

२० जाने., मंगळ.
पहिली खरी ऑर्डर. खारघरचा टॉवर, एकविसावा मजला. वडील. मी फोन केला. मुलगी बोलत होती, मृ.च्या वयाची असेल. पुण्याचे लोक, इथे कोणी ओळखीचं नाही, भाऊ परदेशातून निघालाय. "काकू, आम्हाला काहीच माहीत नाही, काय काय लागतं?"
हे खाटेवरून खुणा करत होते. लिफ्टमध्ये मावेल का विचार. दाखला मिळाला का विचार. आई आहे का, तिच्याजवळ कोण बसलंय विचार. मी विचारत गेले. ह्यांचे प्रश्न माझ्या तोंडून. मुलगी शेवटी म्हणाली, "तुमच्याशी बोलून जरा धीर आला." माझ्याशी बोलून. माझा हात कपाळाला टेकलेला होता.
गणपतदादा गेले, सगळं रीतसर झालं. मी 'पूर्ण' दाबलं. किती सहज दाबलं. ती ओळ हिरवी होऊन खाली गेली, आणि वर पुन्हा ह्यांची एकटी राहिली.
हे म्हणाले, "जमतंय की तुला." कौतुकाने म्हणाले. मला ते नको होतं. मला जमू नये, ह्यांना चिडून उठावं लागावं, असं वाटत होतं.

२२ जाने., गुरु.
भरती केलं. निघताना हे बाल्कनीतल्या बांबूवरचा टॉवेल काढून घेऊन आले, तोच हवा म्हणे. दार ओढताना मी "येतो म्हणा" असं म्हणाले. तीस वर्षांच्या सवयीने गप्प राहिले ते, नुसती मान हलवली. मग जिन्यात थांबले, मागे वळले आणि नीट म्हणाले, "येतो."
कुलकर्णीकाकू देवाचा अंगारा घेऊन उभ्या होत्या. लावून घेतला दोघांनी.
रुग्णालयात छाती भादरली. आरशात बघून म्हणाले, कोंबडी दिसतो. रात्रीचं जेवण नाही. मला जवळ बसवून दुकानाचं सांगत राहिले, कापडाचा गठ्ठा कुठे, गोवऱ्यावाल्याला काय सांगायचं. मी म्हणाले, आल्यावर सांगा. म्हणाले, बरं. आणि पुन्हा सांगायला लागले.

२३ जाने., शुक्र.
सकाळी नेलं. मृ. खाली औषधांच्या रांगेत. मी बाकावर, हे लिहितेय म्हणून डोकं जागेवर आहे. आजूबाजूला सगळे फोनमध्ये बघतात, कोणी कोणाकडे बघत नाही. डॉक्टर म्हणाले होते चार-पाच तास. तेवढे होऊन गेले. आतली नर्स बाहेर आली, विचारलं तर "चालू आहे" म्हणाली आणि गेली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
आत्ता फोन वाजला. वाटलं आतूनच. फुलवालं. 'तुमची १ ऑर्डर पेंडिंग आहे. ग्राहक वाट पाहत आहे. कृपया ऑर्डर पूर्ण करा.'
मी मोठ्याने 'नको' म्हणाले. शेजारच्या बाई पाणी देऊ का म्हणाल्या.
उघडली. ह्यांनी सांगितलंय, मी रद्द करीन, म्हणून रद्दला हात लावला नाही. 'पूर्ण'पासून बोट लांब धरलं. इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं, खाली तिसरी एक ओळ आहे, 'उशीर होणार आहे का?' ती दाबली. 'किती दिवस?' असा छोटा रकाना आला. त्यात फक्त आकडे टाकता येतात.
नऊ टाकला. मग आणखी एक नऊ. मग आणखी. रकाना भरेपर्यंत नऊ दाबत राहिले. भरला. 'जतन करा' दाबलं.
घेतलं त्याने. काही विचारलं नाही. लगेच फोन वाजला, ग्राहकाला निरोप गेला होता, म्हणजे मला. 'आपली ऑर्डर यायला उशीर होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'
मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचतेय. मृ. जिन्यावरून वर येतेय. आतलं दार अजून उघडलेलं नाही.